‘उणे ९’ लिहिलेली डाऊन स्लीपिंग बॅग, उंच डोंगरातल्या २३ रात्री आणि पहाटेचे ४

आधी बॅगेची माहिती देते. ममी आकाराची (खांद्याला रुंद, पायाकडे निमुळती, डोक्याला टोपी असलेली) डाऊन म्हणजे पक्ष्यांची मऊ पिसं भरलेली बॅग, वजन १ किलो ५० ग्रॅम, आत ६२० ग्रॅम पिसं, फिल पॉवर (पिसं किती फुगतात त्याचं माप) ८००, आणि बाहेरच्या पिशवीवर मोठ्या आकड्यात उणे ९, म्हणजे अंश सेल्सियस. सप्टेंबरच्या शेवटी निघालो आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात खाली उतरलो, एकूण २३ रात्री टेंटमध्ये, बहुतेक मुक्काम ३००० ते ४२०० मीटरच्या मध्ये. आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा जुना ट्रेकमधला मित्र, आणि योगायोगाने दोघांकडे हीच बॅग, सेम साईझ सेम वजन, त्यामुळे तुलना करायला इतकी चांगली संधी परत मिळणार नाही म्हणून हा रिव्ह्यू सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण मला जे सांगायचंय ते या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या बॅगांना लागू आहे.

बॅग चांगली आहे, परत घ्यायची वेळ आली तर हीच घेईन. पण त्या उणे ९ वर विसंबून एकटी बॅग घेऊन शरद ऋतूत उंचावर जाऊ नका, मी गेले आणि पहिल्या आठवड्यात धड झोप मिळाली नाही.

तिसरी रात्र. ३६०० मीटर, आकाश एकदम स्वच्छ, टेंटमध्ये लटकवलेल्या थर्मामीटरवर पहाटे उणे ६. म्हणजे पिशवीवरच्या आकड्याच्या अजून ३ अंश वरच होतो, तरी मला २ वाजता जाग आली ती कंबर आणि पाय गार पडल्यामुळे, आणि त्यानंतर ४ पर्यंत नुसती कूस बदलत राहिले, ४ नंतर हुडहुडी भरायला लागली तेव्हा उठून बसले, होते नव्हते ते सगळे कपडे चढवले आणि उजाडायची वाट बघितली. शेजारी मित्र गाढ. सकाळी विचारतो, "झोपलीस का गं नीट?" म्हटलं २ पर्यंत. तर म्हणतो, "मी तर मधे झिप थोडी उघडली होती, गरम व्हायला लागलं म्हणून." त्या क्षणी मला खरंच वाटलं की माझी बॅग डिफेक्टिव्ह आलीये.

मग त्याने बॅगेच्या आतल्या बाजूला शिवलेली छोटी पट्टी शोधून वाचून दाखवली. त्यावर ३ आकडे होते: कम्फर्ट उणे ३, लिमिट उणे ९, एक्स्ट्रीम उणे २७. बाहेर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा लिमिटचा. हे ३ आकडे येतात आयएसओ २३५३७ नावाच्या स्टँडर्डमधून (त्याच्या आधी २००२ पासून युरोपातलं ईएन १३५३७ होतं, २०१६ मध्ये आयएसओ आलं). टेस्ट अशी असते की थंड खोलीत तापवलेला पुतळा बॅगेत झोपवतात, अंगात पातळ थर्मल आणि मोजे, खाली चांगली जाड मॅट, आणि त्याच्यातून उष्णता किती वेगाने बाहेर जाते ते मोजून गणिताने आकडे काढतात. कम्फर्ट म्हणजे ‘स्टँडर्ड बाई’ मोकळी ऐसपैस झोपली तरी तिला थंडी वाजणार नाही ते तापमान. लिमिट म्हणजे ‘स्टँडर्ड पुरुष’ अंगाचं मुटकुळं करून ८ तास कसाबसा न कुडकुडता निभावेल ते तापमान. एक्स्ट्रीम हा तर झोपेचा आकडाच नाही, तिथे ६ तास जीव वाचेल एवढाच अर्थ, हिमदंश तरीही होऊ शकतो, त्यामुळे कुणी उणे २७ बघून बॅग घेत असेल तर कृपया थांबा. स्टँडर्डमधली बाई २५ वर्षांची, १६० सेमी, ६० किलो, आणि पुरुष २५ वर्षांचा, १७३ सेमी, ७३ किलो. माझं वय २५ नाही, वजन ५२, आणि त्या रात्री मी सलग तिसऱ्या दिवशी १००० मीटर चढून दमलेली आणि धड न जेवलेली होते. पुतळा दमत नाही.

अजून एक गोष्ट जी माझ्या खूप उशिरा लक्षात आली. त्या लिमिटच्या आकड्यात ८ तास धरलेत, पण ऑक्टोबरमध्ये रात्र ८ तासांची नसते ना. २२-२३ सप्टेंबरला दिवस रात्र सारखे होतात आणि उत्तर गोलार्धात तिथून रात्र वाढतच जाते, त्यात डोंगराच्या कड्याआड सूर्य लवकर जातो आणि सकाळी उशिरा येतो, आम्ही साडेसहाला बॅगेत शिरायचो आणि टेंटवर ऊन यायचं साडेसातला. तेरा तास! उन्हाळी ट्रेकला बॅगेत ७ तास काढणं आणि इथे तेरा तास काढणं यात फार फरक आहे, रात्रीचं खाल्लेलं मध्यरात्रीच संपतं आणि सगळ्यात जास्त थंडी असते ती त्याच्या नंतर, अगदी उजाडायच्या आधी. म्हणून पहाटेचे ४ ही या बॅगेची खरी परीक्षा, रात्री ९ वाजता आत शिरून "वा काय मस्त ऊब" वाटतं त्यावरून मत बनवू नका.

आता मॅट, कारण अर्धा दोष बॅगेचा नव्हताच आणि हे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. माझ्याकडे घडीची फोम मॅट होती, आर-व्हॅल्यू २ (आकडा जितका मोठा तितकी मॅट जास्त ऊबदार, नीट पुढे सांगते). मित्राकडे हवा भरायची, आर-व्हॅल्यू ४ च्या थोडी वर. पाचव्या रात्री त्यानेच सुचवलं की अदलाबदल करून बघू. थर्मामीटर पहाटे उणे ५. मी साडेपाचपर्यंत सलग झोपले, मधे एकदाही जाग नाही, आणि तो बिचारा सकाळी कंबर चोळत उठला आणि म्हणाला खालून बर्फ लागत होता. बॅग तीच, जागा तीच, फक्त खालची मॅट बदलली.

कारण साधं आहे. डाऊन गरम ठेवतं ते त्यात अडकलेल्या हवेमुळे, आणि आपण ज्यावर झोपतो तिथली पिसं आपल्या वजनाने चपटी होतात, म्हणजे पाठीखाली बॅग असून नसल्यासारखी. तिथे काम करते ती मॅट. आर-व्हॅल्यू म्हणजे मॅट उष्णतेला किती अडवते त्याचं माप, आणि आता एएसटीएम एफ३३४० नावाच्या एकाच पद्धतीने मोजायला लागल्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात, आधी प्रत्येकाचं आपापलं होतं. आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट, आर-व्हॅल्यूची सरळ बेरीज होते. दहाव्या दिवशी सामान भरायला खाली उतरलो तेव्हा मी हवेची मॅट घेतली, ४.२ वाली, आणि फोमवाली फेकून न देता तिच्याखाली टाकली, झाले ६.२. वजन वाढलं, ४०० ग्रॅम आणखी उचलले, पण हवेची मॅट पंक्चर झाली तरी फोम आहे हा जो धीर असतो ना तो पण मोजायला हवा. त्यानंतरच्या १३ रात्रींपैकी थंडीने जाग आली ती फक्त दोनदा, आणि त्या दोन्ही वेळा कारण वेगळं होतं, ते पुढे लिहितेच.

ओल. लांब पल्ल्याच्या ट्रेकमध्ये डाऊन बॅगेचा खरा शत्रू हा आहे आणि दोन रात्रींचा ट्रेक करणाऱ्याला तो कधी दिसतच नाही. पाऊस नाही म्हणत मी, पावसापासून आपण बॅग जपतोच. ओल आतून येते. आपलं शरीर न जाणवणारा घाम आणि श्वास मिळून दिवसाला साधारण ७००-८०० मिली पाणी बाहेर टाकतं, रात्री त्यातली बरीचशी वाफ बॅगेतूनच बाहेर जायला बघते. उन्हाळ्यात ती आरपार निघून जाते. पण बाहेर उणे ५ असेल तर ती वाफ पिसांच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचते, तिथे थंड होते आणि पाणी होऊन तिथेच बसते, कडाक्याची थंडी असेल तर बर्फ होऊन. एका रात्रीत काही कळत नाही, पण रोज थोडं थोडं साठत जातं.

आम्हाला ११ ते १५ असे ५ दिवस ढग लागले. ऊन नाही, सकाळी टेंटच्या आतून दहिवर, पोल हलला की बर्फाचा चुरा बॅगेवर पडायचा, आणि कॅम्प मोडायची घाई म्हणून बॅग तशीच ओलसर पिशवीत कोंबली जायची. चौदाव्या रात्री बाहेर उणे ४ च होतं, मॅटची बेरीज ६.२, आणि तरी पहाटे मी गारठले. हात लावला तर पायाकडचे कप्पे चपटे, पिसांचे गोळे झालेले, कापडाला कापड लागत होतं. सोळाव्या दिवशी एका वस्तीत वजनकाटा मिळाला म्हणून पिशवीशिवाय नुसती बॅग टाकली, ११६० ग्रॅम. माझी बॅग १०५० ची आहे. म्हणजे ११० ग्रॅम पाणी मी रोज पाठीवर वाहत होते आणि रात्री तेच अंगावर घेत होते.

त्या दुपारी कडक ऊन पडलं. बॅग उलटी केली, आतलं काळं अस्तर वर, आणि गरम झालेल्या दगडावर पसरली. वीस मिनिटांत वाफ दिसायला लागली, मग पालटली, हाताने गोळे अलगद सोडवले, पाऊण तासात ती जी फुगली ना, मला खरंच आनंदाने काही सुचेना. त्या रात्री उणे ६ मध्ये झोप लागली. तेव्हापासून शेवटपर्यंत नियम, दुपारी जेवणाला थांबलो की आधी बॅग पसरायची मग बाकी सगळं. उंचावर हवा कोरडी आणि ऊन तिखट असतं, अर्धा-पाऊण तास पुरतो, त्याहून जास्त ठेवू नका कारण तेच ऊन पातळ नायलॉनचं कापड कमजोर करतं. आणि तोंड बॅगेत घालून झोपू नका, कितीही मोह झाला तरी. नाक गार पडतं म्हणून आपण आत श्वास सोडतो आणि सगळी वाफ थेट मानेजवळच्या पिसांत. मी नंतर बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) नाकावर ओढून झोपायला लागले, हूडची दोरी आवळून फक्त नाक आणि तोंड बाहेर.

दुसरी वाईट रात्र एकोणिसावी, आणि तिथे चूक जागेची. ओढ्याकाठी हिरवळीचा सपाट तुकडा, वारा नाही, पाणी जवळ, दोघंही भुललो. थंड हवा जड असते, ती रात्रभर उतारावरून पाण्यासारखी घरंगळत येते आणि दरीच्या तळाशी, खळग्यात साचते, आणि त्यात आकाश मोकळं असेल तर जमिनीतली उष्णता सरळ वर निघून जाते. पहाटे उणे ११, टेंट आतून बाहेरून पांढराफटक. दुसऱ्या दिवशी तसंच स्वच्छ आकाश, तशीच थंडी, पण आम्ही ओढ्यापासून साधारण ६० मीटर वर चढून डोंगराच्या खांद्यावर, झाडांच्या आडोशाला टेंट लावला आणि पहाटे थर्मामीटर उणे ६. साधारणपणे उंची वाढेल तशी थंडी वाढते, दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंश, हे सगळ्यांना पाठ असतं, पण रात्री दरीत ते उलटं होतं हे विसरायला होतं. तो ६० मीटरचा चढ आम्हाला जवळजवळ ५ अंश देऊन गेला. सगळीकडे इतका फरक पडेल असं नाही, पण तळ सोडून थोडं वर जा एवढं नक्की सांगेन.

उणे ११ च्या त्या रात्री बॅग मात्र लिमिटच्या खाली २ अंश होती आणि तिने मला निभावून नेलं हे तिच्या बाजूने लिहायलाच हवं. मदत गरम पाण्याच्या बाटलीची. झोपायच्या आधी पाणी उकळून जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, झाकण दोनदा तपासून, बाटली मोज्यात, मोजा मांड्यांच्या मधे. पहाटेपर्यंत कोमट राहते आणि सकाळी न गोठलेलं पाणी हाताशी. ४००० मीटरला पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, या कामाला ते भरपूर झालं.

अंगावर काय घालून झोपायचं यात मी आधी उलटं करत होते. दिवसभर घामेजलेला थर्मल तसाच ठेवून त्यावर जाड जॅकेट. आता झोपायचा एक कोरडा जोड वेगळा, तो चालताना कधीच घालायचा नाही, कितीही आळस आला तरी बदलायचा. आणि ही बॅग खांद्याला अरुंद आहे, आत जाड डाऊन जॅकेट घातलं की पिसं आतून दाबली जातात आणि ऊब उलट कमी होते. जॅकेट अंगात न घालता बॅगेच्या आत छातीवर पांघरलं तर जास्त उपयोग झाला. मित्र कुशीवर गुडघे दुमडून झोपणारा, त्याला ही रुंदी नडली, गुडघे जिथे टेकतात तिथे बाहेरून गार लागतं म्हणाला. रुंद बांध्याच्या माणसाने एक साईझ वरची बघावी. फार मोठी नको, रिकामी जागा शेवटी आपल्यालाच तापवावी लागते.

पायाकडे बऱ्यापैकी जागा आहे आणि शरदात ती लागतेच. पाण्याचा फिल्टर, गॅसचा कॅनिस्टर, पॉवर बँक, फोन, सगळं एका पिशवीत घालून रात्री पायाशी. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा वापरून ओला झाला आणि गोठला तर आतले तंतू फाटू शकतात, बाहेरून काही दिसत नाही आणि आपण अशुद्ध पाणी शुद्ध समजून पितो, म्हणून तो बॅगेतच. गॅसचं असं की साधं ब्युटेन शून्याच्या अर्धा अंश खाली गेलं की वाफच होत नाही, आयसोब्युटेन उणे १२ च्या जवळपास, प्रोपेन पार उणे ४२. स्वस्तातला नुसत्या ब्युटेनचा कॅनिस्टर घेऊन गेलात तर पहाटे स्टोव्ह पेटणार नाही, मिश्रणवालाच घ्या आणि तोही रात्री बरोबर घेऊन झोपा.

बाकी बारीकसारीक. झिप आतल्या पट्टीत अडकते, रोज, हळू ओढली तर निघते पण गारठलेल्या बोटांनी वैताग येतो. मानेभोवतीची फुगीर पट्टी फार छान, तिची दोरी आवळली की आतली ऊब वर निसटत नाही, हे ज्या बॅगेत नसेल ती थंडीसाठी घेऊच नका. कापड अगदी पातळ, २३ रात्रींत कुठे फाटलं नाही, शिवणीतून ४-५ पिसं बाहेर आली तेवढीच. ती ओढून काढू नका, मागच्या बाजूने चिमटीत धरून आत घ्या. बरोबर आलेली पिशवी खूपच छोटी आहे, त्यात कोंबताना दमायला होतं, मी सॅकच्या तळाशी मोठ्या वॉटरप्रूफ लायनरमध्ये सैल भरून नेली.

घ्यायची कुणी? रात्री शून्य ते उणे ५ मध्ये राहणार असाल, खाली किमान ४-५ आर-व्हॅल्यू असेल आणि दुपारी वाळवायची शिस्त पाळणार असाल तर डोळे झाकून घ्या. थंडी लवकर वाजते अशा कुणीही, बाई असो की पुरुष, फक्त कम्फर्टचा आकडा बघावा आणि अपेक्षित तापमानापेक्षा तो ४-५ अंश खालचा असेल अशी बॅग घ्यावी, ३०० ग्रॅम जास्त उचलावे लागले तरी. आणि जिथे आठवडाभर ऊनच दिसणार नाही, सतत ओला बर्फ, तिथे एक किलोची डाऊन नेण्यापेक्षा जड सिंथेटिक बरी, ती भिजली तरी थोडी ऊब धरून ठेवते.

आल्यावर धुतली. डाऊनचा वेगळा साबण येतो तो वापरला, मशीन समोरून दार असलेलं, साबण जाईपर्यंत ३ वेळा नुसत्या पाण्यात फिरवली. उचलताना खालून दोन्ही हातांनी आधार द्या, ओली पिसं इतकी जड होतात की कप्पे पाडणाऱ्या आतल्या जाळ्या तुटू शकतात. ड्रायरमध्ये अगदी मंद तापमानावर, बरोबर ३ टेनिसचे बॉल टाकून, चार तास लागले. बाहेरून कोरडी लागली म्हणून मी काढून ठेवली, पण काल दिव्यासमोर धरली तर पायाकडच्या शेवटच्या दोन कप्प्यांत अजून गडद गोळे दिसतायत. म्हणजे आतून ओल आहेच. उद्या परत एक तास फिरवणार आणि मग मोठ्या जाळीच्या पिशवीत सैल टांगून ठेवणार.